तुटलेल्या कोपऱ्याला बाँडिंग की व्हिनियर?

ठाण्याच्या तलावपाळीवर भाजलेलं कणीस खाताना माझ्या पुढच्या दाताचा कोपरा टचकन उडाला. नौपाड्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दोन पर्याय सांगितले: कॉम्पोझिटचं (दाताच्या रंगाच्या रेझिनचं) बाँडिंग, म्हणजे तुटका भाग तिथेच भरून काढणं, किंवा पोर्सेलिनचं व्हिनियर, म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवायचा पातळ पापुद्रा.

बाँडिंग एका बैठकीत उरकलं, इंजेक्शनसुद्धा लागलं नाही. आधी ॲसिडचं जेल लावून धुतलं. त्याने इनॅमलवर, म्हणजे दाताच्या वरच्या कडक थरावर, सूक्ष्म खाचा पडतात (ही युक्ती १९५५ सालची, दंतवैद्य ब्युओनोकोर यांची). मग चिकटद्रव, त्यावर दाताच्या रंगाचा लगदा थराथराने, प्रत्येक थरावर वीसेक सेकंद निळा प्रकाश. शेवटी कार्बन पेपर चावायला दिला आणि उंचवटे घासले. मूळ दात जवळपास कोरावाच लागत नाही, हे मला सगळ्यात आवडलं. किडीचा छोटा खड्डा असो की दोन दातांमधली फट, हेच साहित्य चालतं.

व्हिनियरसाठी मात्र दर्शनी इनॅमल साधारण अर्धा मिलिमीटर घासतात, आणि ते परत येत नाही. माप लॅबला जातं, दोन-तीन खेपा होतात, खर्चही बराच जास्त. पण चकाकी टिकते, डाग धरत नाही, १०-१५ वर्षं सहज निघतात. बाँडिंग पाचेक वर्षांत डागडुजी मागतं; टवका उडाला तर तेवढाच भरता येतो. व्हिनियर फुटलं तर बहुधा नवंच.

सहा दात एकदम बदलायचे असते तर वेगळा विचार केला असता. एका कोपऱ्यासाठी धड दात घासणं पटेना. फक्त दिवसाच्या चार चहांचा रंग आता कडेला चढू लागलाय, आणि ब्लीचिंगने कॉम्पोझिट उजळत नाही, हे आधी कुणी बोललं नव्हतं.