जोन बाएझ: २००८ चा अल्बम घ्यावा की २०१८ चा?

एका मित्राला अमेरिकन लोकगायिका जोन बाएझचा उतारवयातला एकच अल्बम घ्यायचाय, तोही व्हायनलवर, आणि दोन नावांवर गाडी अडलीये. 'डे आफ्टर टुमॉरो' (२००८) की 'व्हिसल डाउन द विंड' (२०१८)? त्याला फोनवर तासभर जे ऐकवलं तेच जरा नीट करून लिहितोय, कारण असा प्रश्न पडलेला तो एकटाच नसणार.

सारखं काय आहे ते आधी उरकतो. दोन्हीत दहा-दहा गाणी, दोन्ही पाऊण तासाच्या आत संपतात, दोन्हींना ग्रॅमीचं नॉमिनेशन होतं आणि मिळालं एकालाही नाही. बाईंनी स्वतः लिहिलेलं गाणं दोन्हीत नाही, सगळी इतरांची, आणि गंमत म्हणजे दोन्हींची टायटल गाणी अमेरिकन गायक-गीतकार टॉम वेट्सकडूनच आलेली. मधल्या दहा वर्षांत एकही स्टुडिओ अल्बम नाही.

आता खरा फरक, आवाज. १९६० चा पहिला अल्बम ज्यांनी ऐकलाय त्यांच्या डोक्यात तो १९ वर्षांच्या मुलीचा काचेसारखा लख्ख, वरच्या सप्तकात सहज फिरणारा आवाज पक्का बसलेला असतो, आणि मग पुढचं काहीही ऐकलं की आपण नकळत त्याच्याशीच तुलना करत बसतो. २००८ ला बाई ६७ वर्षांच्या होत्या. वरचे सूर पूर्वीसारखे हाताशी नव्हते, पण त्या अजून तिकडे जायला बघतात आणि तिथे आवाज थोडा कापतो, ते कळतं. २०१८ ला ७७. इथे तो हट्टच सोडलाय. पट्टी खाली घेतलीये, आवाजाला खर आलीये, शब्द गाण्यापेक्षा सांगितल्यासारखे येतात. मला हे जास्त आवडतं, पण ज्याला जुना सोप्रानोच (तो वरच्या पट्टीतला आवाज) हवाय त्याची निराशा होईल, तेव्हा त्याने सरळ १९६० चाच घ्यावा, या दोन्हींच्या फंदात पडू नये.

२००८ चा प्रोड्युसर स्टीव्ह अर्ल, रेकॉर्डिंग नॅशव्हिलमधलं. टिम ओब्रायन, डॅरेल स्कॉट अशी तयारीची माणसं साथीला, त्यामुळे मँडोलिन, फिडल, बँजो यांची मस्त मैफल जमते आणि बाई त्यांच्यात मिसळून गातात, एकट्या पडत नाहीत. अर्लची स्वतःची तीन गाणी आहेत यात, ती ठीक. जीव मात्र 'हेन्री रसेल्स लास्ट वर्ड्स' मधे आहे. डायना जोन्सचं गाणं. १९२७ साली वेस्ट व्हर्जिनियात एव्हरेटव्हिलच्या कोळसा खाणीत स्फोट झाला, आत अडकलेल्या हेन्री रसेलने मरायच्या आधी बायकोला चिठ्ठ्या लिहिल्या, त्यावरून केलेलं. बाई ते रडवेलं करत नाहीत. माणूस घरी निरोप पाठवतोय एवढंच, आणि म्हणूनच ते जास्त लागतं.

२०१८ चा प्रोड्युसर जो हेन्री, त्याने काम लॉस एंजेलिसमधे दहा दिवसांत उरकलं. पियानो, दबका ड्रम, आणि वाद्यांमधे भरपूर मोकळी जागा, इतकी की बाईंनी श्वास कुठे घेतला तेसुद्धा हेडफोनवर कळतं. इथे लपायला काही नाही. 'लास्ट लीफ' घ्या, झाडावर उरलेल्या शेवटच्या पानाचं गाणं. वेट्सने २०११ ला ते रोलिंग स्टोन्स बँडच्या कीथ रिचर्ड्सला सोबत घेऊन गायलं तेव्हा दोन म्हाताऱ्यांची मस्करी वाटायची, बाई गातात तेव्हा त्यात मस्करी आहेच पण खाली एक ठामपणा पण आहे. आणि 'सिल्व्हर ब्लेड'! जॉश रिटरने लिहिलेलं. १९६० च्या अल्बमचं पहिलंच गाणं 'सिल्व्हर डॅगर', त्यात खंजीर आईच्या हातात असतो. ५८ वर्षांनी पातं मुलीच्या स्वतःच्या हातात आहे आणि ती ते वापरते. दोन्ही लागोपाठ लावून बघा, मी लावली आणि त्या रात्री पुढे दुसरं काही ऐकावंसंच वाटलं नाही.

'द प्रेसिडेंट सँग अमेझिंग ग्रेस' पण यातच आहे, २०१५ ला चार्ल्सटनच्या चर्चमधे नऊ जणांना गोळ्या घातल्यानंतर शोकसभेत ओबामा गायले होते त्याचं. झोई मल्फर्डचं हे गाणं. पहिल्यांदा ऐकताना घशात येतं, पाचव्यांदा ऐकताना मला ते जरा बातमी वाचल्यासारखं वाटायला लागलं, असो, माझं मत.

तक्रार खरी एकच, २०१८ चा अल्बम फार संथ आहे. कामं करता करता लावलात तर तिसऱ्या-चौथ्या गाण्याला लक्ष उडतं आणि सगळं एकसुरी वाटतं. २००८ चा त्या बाबतीत सोयीचा, घरात चारजण असताना लावला तरी कोणी कुरकुरत नाही, साथसंगतच गोड आहे.

म्हणून बाएझ कधीच ऐकली नसेल तर २००८ ने सुरुवात करा. आधी ऐकलेली असेल आणि एकट्याने, दिवे घालवून ऐकायची सवय असेल तर २०१८, डोळे झाकून. मित्र दुसऱ्या जातीतला आहे, त्याला तेच सांगितलं, तर म्हणतो हेडफोन कुठला घेऊ. त्यावर पुढचा अर्धा तास गेला.