घर आत्ताच नावावर करावं, की वसीयत (मृत्युपत्र) करून ठेवावी?

'आता आमचं काय राहिलंय, करून टाका नावावर' म्हणणारे दानपत्राकडे वळतात. 'मला काय धाड भरलीय' म्हणणारे काहीच करत नाहीत, आणि कुणी वसीयतीचा विषय काढला की अपशकुन झाल्यासारखं बघतात. इंदुरात रामबागेपासून लोकमान्य नगरापर्यंत दोन्ही तऱ्हेची घरं भेटतात. म्हातारपणाबद्दल जो धाक किंवा जी बेफिकिरी असेल, तीच कागद निवडते. खरं तर निवडताना पाहायचं ते एवढंच, की आपण अंथरुणाला खिळल्यावर पैसा कुठून उभा राहील.

दानपत्राचा फायदा उघड आहे: मालकी लगेच जाते आणि नगर निगमातलं नामांतरण हयातीतच उरकतं. पण नोंदलेलं दान मन बदललं म्हणून परत घेता येत नाही. आधार आहे तो 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 चा. सांभाळण्याच्या अटीवर दिलं आणि सांभाळलं नाही, तर एसडीएमपुढच्या (उपविभागीय दंडाधिकाऱ्यापुढच्या) न्यायाधिकरणाला दान रद्द ठरवता येतं. मेख 'अटीवर' या शब्दात आहे. अटच नसेल तर कलम लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटलं. आपल्याच मध्य प्रदेशातल्या छतरपूरच्या एका प्रकरणात आई उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे हरली होती. सर्वोच्च न्यायालयाने 2 जानेवारी 2025 ला दान रद्दच धरलं, तेव्हा दानाच्या दिवशीच मुलाने वेगळं लिहून दिलेलं वचनपत्र कामी आलं.

म्हणून दान करायचंच असेल तर अट दस्तातच घाला, आणि 'सेवा-सुश्रूषा करील' असली मोघम नको. राहायची खोली कोणती, औषधं कोण आणणार, रात्रपाळीच्या बाईचा पगार कोण देणार, हे एकेक लिहा. हयातीपर्यंत राहण्याचा आणि भाडं घेण्याचा हक्क राखूनही दान देता येतं. तयार मसुद्यात बहुधा 'प्रेमापोटी' एवढंच असतं.

वसीयतीला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीही सक्तीची नाही, तरी करावी. ती कितीदाही बदलता येते, शेवटची ती खरी. साक्षीदार दोन लागतात आणि चूक तिथेच होते: बरोबरीचे मित्र सही करतात, मग कागद सिद्ध करायच्या वेळी तेही उरलेले नसतात. चाळीस-पंचेचाळिशीचे, ज्यांना घरातलं काही मिळणार नाही असे दोघे शोधा. पानोपान सही करा आणि त्याच तारखेचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. पत्नी मागे राहणार असेल तर आधी तिचा हयातभर राहण्याचा आणि भाड्याचा हक्क लिहा, मुलं त्यानंतर.

वसीयतीचं उणं हे, की ती जिवंतपणी कामाची नाही. मुलाला मुखत्यारपत्र देऊन ही फट बुजवू म्हणाल, तर स्मृतिभ्रंशाने माणसाची समज गेली की कायद्याने तेही संपतं. नेमकी गरज असते तेव्हाच.

तरीही माझं पारडं वसीयतीकडे झुकलं, आणि तेही एका किरकोळ वाटणाऱ्या कटकटीपायी. दोन पाळ्यांच्या बाया ठेवायच्या म्हणजे खालची खोली भाड्याने देणं हा पहिला उपाय. साधं दानपत्र झालेलं असेल, तर भाडेकराराला मुलाची सही हवी. घरावर रिव्हर्स मॉर्गेज, म्हणजे घर तारण ठेवून बँकेकडून ठरावीक पैसे घेत राहण्याची सोय, काढायचा मार्गही बंद, कारण मालक आपण नाही. मुलगा वाईट नसतो हो. तो पुण्यात असतो, आणि सही दिवाळीत मिळते. त्याच्याकडून मुखत्यारपत्र घेता येतं म्हणा, पण ज्या घराची घरपट्टी आपण जन्मभर भरली त्यासाठी?

एकच मूल असेल, ते याच घरात राहत असेल आणि पेन्शन पुरेशी असेल, तर अटींचं दानपत्र वाईट नाही. भावंडांत आत्ताच धुसफुस असेल तरीही त्याचा विचार व्हावा.

वसीयत केलीत तर त्याच आठवड्यात बँकेतही जाऊन या. संयुक्त एफडीवर 'दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो' असं लिहिलेलं असलं, तरी मुदतीआधी मोडताना बँक सहसा दोघांच्या सह्या मागते. एकाच्या सहीवर मोडता येईल अशी सूचना आत्ताच, दोघांचे हात चालताहेत तोवर, लेखी देऊन ठेवा.