वीजनिर्मिती समजावणारा आभासी वास्तवाचा कार्यक्रम: परीक्षण

नियोजित वीजप्रकल्पाची माहिती लोकांना देताना नकाशे आणि तक्त्यांच्या जोडीला आता व्हीआर हेडसेटही (डोळ्यांवर चढवून आभासी दृश्य पाहण्याचे उपकरण) वापरले जाऊ लागले आहेत. औष्णिक केंद्र, पवनचक्की आणि सौर प्रकल्प असे तीन भाग असलेल्या अशाच एका कार्यक्रमाचे हे परीक्षण आहे.

तिन्हींत सरस ठरतो तो पवनचक्कीचा भाग. प्रेक्षक सुमारे 100 मीटर उंचीवर, पात्यांमागच्या यंत्रकक्षात उभा राहतो आणि संथ फिरणारा मुख्य दंड, त्याचा वेग वाढवणारा गिअरबॉक्स व जनित्र अगदी हाताच्या अंतरावरून पाहतो. वाऱ्याचा वेग स्वतः बदलून पाहण्याची सोय तर विशेष दाद देण्याजोगी आहे. हा वेग सेकंदाला 6 मीटरवरून 12 मीटरवर नेला की वाऱ्यातील ऊर्जा दुप्पट नव्हे, आठपट होते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. 25 मीटरच्या पुढे मात्र पाती कोन बदलून वाऱ्याचा जोर अंगावर घेणे टाळतात आणि यंत्र थांबते. एवढा वारा असूनही चक्की बंद का, याचा उलगडा त्यामुळे कोणी समजावून न सांगताही होतो.

औष्णिक केंद्राच्या भागात बाष्पकापासून (बॉयलर) मिनिटाला 3000 फेरे घेणाऱ्या टर्बाइनपर्यंतचा प्रवास उत्तम साधला आहे. परंतु कोळशातील ऊर्जेचा निम्म्याहून अधिक वाटा विजेत न उतरता उष्णतेच्या रूपाने बाहेर जातो, ही मुख्य गोष्ट निवेदक एका वाक्यात उरकतो. शीतकरण मनोऱ्यातून निघणारे पांढरे लोट पाण्याच्या वाफेचे असतात, धुराचे नव्हेत, हेही सांगितलेले नाही. राख तर कुठेच दिसत नाही. बहुधा चित्रणापूर्वीच झाडून काढली असावी! सौर प्रकल्पात हलणारे फारसे काही नसल्याने तेथे हेडसेटची गरज भासत नाही.

खरा आक्षेप आहे तो 'तुमच्या घरातून प्रकल्प असा दिसेल' या दृश्याला. सध्याचे बहुतेक हेडसेट दृष्टीच्या एका अंशात साधारण 20 ते 25 बिंदू दाखवतात, तर निरोगी डोळा 60 च्या आसपास टिपतो; त्यामुळे दूरची पवनचक्की प्रत्यक्षापेक्षा धूसर आणि म्हणून सौम्य भासते. पात्यांचा आवाजही ऐकवला जातो, पण त्याची पातळी ज्याच्या त्याच्या हातातील बटणावर अवलंबून असल्याने त्यावरून रात्रीच्या त्रासाचा अंदाज बांधणे व्यर्थ आहे. शिवाय कार्यक्रमात नेहमीच भरदुपार असते. मागणी आणि निर्मिती यांचा मेळ क्षणोक्षणी कसा घालतात आणि सूर्य मावळल्यावर वीज कोठून येते, हे प्रश्न त्यात उपस्थितच होत नाहीत.

पवनचक्कीभोवतीच्या उड्डाणात डोळ्यांना गती जाणवते, आतल्या कानाला जाणवत नाही, आणि काहींना मळमळते. म्हणून प्रेक्षकांना खुर्चीवर बसवणे आवश्यक आहे. हेडसेटमधील दृश्य पडद्यावरही दाखवले नाही, तर एक जण पाहतो आणि बाकीचे ताटकळत बसतात, चर्चा काही होत नाही. आयोजकांनी पवनचक्कीचा भाग अवश्य दाखवावा. घरातून दिसणाऱ्या दृश्यासाठी मात्र मोजमापासह काढलेली छायाचित्रे आणि ध्वनिमापनाची आकडेवारीच लोकांपुढे ठेवावी.