एटी-एक्स: पैसा वसूल, पण जपानात राहणाऱ्यालाच

नाशकात बसून एटी-एक्स हे जपानी चॅनेल दिसेल का, हे अ‍ॅनिमे म्हणजे जपानी कार्टून मालिका पाहणारी पोरं डिशवाल्याला हमखास विचारतात. नाही दिसत. त्याची कारणं पुढे येतीलच. आधी चॅनेलबद्दल बोलू, कारण शिकायला किंवा नोकरीला जपानला निघालेल्यांना ते घ्यावं की नाही हे ठरवायचं असतं.

टीव्ही टोकियोच्या गटातलं हे चॅनेल २४ डिसेंबर १९९७ पासून चालू आहे. चोवीस तास अ‍ॅनिमे, आणि भर मध्यरात्रीच्या मालिकांवर. फुकट चॅनेलांवर या मालिका रात्री बारानंतर ढकलल्या जातात आणि नको ती दृश्यं धुराने नाहीतर पांढऱ्या उजेडाने झाकली जातात. एटी-एक्स प्रेक्षकाच्या वर्गणीवर चालतं, त्यामुळे तिथे ही झाकाझाकी बरीच कमी असते आणि नवे भाग बहुतेक रात्री साडेनऊ ते साडेअकराच्या दरम्यानच लागतात. २००४ साली ‘एल्फेन लीड’सारखी रक्तरंजित मालिका याच चॅनेलवर आली, यावरून आवड कळावी. भागाच्या मध्ये जाहिरात नाही. एखादा भाग चुकला तर त्याच आठवड्यात पुन्हा लागतो. आमच्या मते खरे पैसे या दोन गोष्टींचेच आहेत.

उणी बाजूही आहे. इंग्रजी सबटायटल नाहीत, त्यामुळे जपानी कानाला बसलेली नसेल तर पहिलं वर्ष फुकट जाईल. प्रसारण अजून एमपीईजी-२ या जुन्या कॉम्प्रेशनमध्ये असल्याने वेगवान मारामारीत चित्राला चौकटी पडतात. मोठ्या टीव्हीवर त्या ठळक दिसतात.

खर्चाचा हिशोब नीट करा. चॅनेलचे महिना १,९८० येन, वर स्काय परफेक्टीव्ही या जपानी सॅटेलाइट टीव्ही सेवेचं मूळ शुल्क ४२९ येन. पाच-दहा चॅनेलं निवडायच्या स्वस्त पॅकमध्ये एटी-एक्स येत नाही, ते वेगळंच घ्यावं लागतं. लोक विसरतात ती एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारकाची फी. घरात सॅटेलाइट चॅनेलं येत असतील तर नुसत्या जमिनीवरच्या प्रसारणाच्या १,१०० ऐवजी महिना १,९५० येन भरावे लागतात. म्हणजे एका चॅनेलच्या हौसेपायी महिन्याचा खरा वाढीव खर्च ३,२५९ येन.

घर बघायला जाताना बाल्कनीचं तोंड बघा. उपग्रह ११० अंश पूर्व रेखांशावर आहे. टोकियोतून तो नैऋत्येला, क्षितिजापासून साधारण ३८ अंश वर. बाल्कनी उत्तरेला किंवा पूर्वेला असेल तर ४५ सेंटीमीटरची छत्री लावूनही उपयोग नाही. इमारतीचीच सामायिक छत्री असेल तर उत्तम, पण ‘सीएस पण येतं का’ हे वेगळं विचारा: बीएस आणि सीएस हे तिथल्या सॅटेलाइट चॅनेलांचे दोन गट, आणि एटी-एक्स सीएसमध्ये ३३३ क्रमांकावर. बीएस चॅनेलं झकास दिसतात आणि सीएस ३३३ वर काळा पडदा, ही नेहमीची तक्रार. सीएसचा सिग्नल केबलमधून १,६०० ते २,०७० मेगाहर्ट्झच्या आसपास जातो, बीएसचा त्याच्या खाली, म्हणून जुनी केबल आणि जुना स्प्लिटर (सिग्नल वाटणारा जोड) आधी सीएसच खातात. छत्रीकडे संशयाने बघण्याआधी स्प्लिटर बदला.

सुरू करायचं तर टीव्हीच्या मेन्यूतून बी-कॅस या टीव्हीतल्या कार्डाचा किंवा अंगभूत चिपचा २० अंकी क्रमांक काढायचा, ऑनलाइन अर्जात टाकायचा आणि टीव्ही ३३३ वर लावून ठेवायचा. अर्ध्या तासात चित्र येतं. टीव्ही बंद करून ठेवलात तर परवान्याचा सिग्नल त्याच्यापर्यंत पोचत नाही आणि मग उगाच हेल्पलाइनला फोन होतात. काही कार्यक्रमांना १५ वर्षांची अट असते. टीव्हीत चार अंकी पिन घातलेला नसेल तर त्यांचं रेकॉर्डिंग होत नाही.

रेकॉर्डिंगवरून आठवलं: जपानातल्या दादाला ‘हार्ड डिस्कवर भरून आण’ असं सांगू नका. टीव्हीला जोडलेल्या डिस्कवरचं रेकॉर्डिंग त्या एकाच टीव्हीशी कुलूपबंद असतं. सिडकोतल्या टीव्हीला ती लावली की डिस्क फॉरमॅट करू का, एवढंच विचारलं जातं, आणि चुकून ‘हो’ दाबलं की सगळं साफ. टीव्हीच उचलून आणायचा विचार असेल तर तोही सोडा. तो १०० व्होल्टचा असू शकतो आणि त्यातला ट्यूनर जपानी पद्धतीचा, आपल्या डीटीएचची भाषाच त्याला कळत नाही. विकत घेतलेल्या डिस्कचंही तसंच. ब्लू-रे तिकडे ए विभागात, आपल्याकडे सी, म्हणून तिकडची डिस्क इथल्या प्लेअरवर बहुधा चालत नाही.

आता नाशिकच्या गच्चीचं. ११० अंशावरचा उपग्रह इथून दिसण्याच्या टप्प्यात आहे: पूर्वेपासून २५ अंश दक्षिणेकडे, साधारण ४३ अंश वर. एअरटेलची छत्री तर १०८.२ अंशाकडेच वळलेली असते, म्हणून थोडं सरकवलं की जमेल असं वाटतं. पण त्या उपग्रहाचा झोत जपानवर रोखलेला आहे, नाशिकवर तो पडतच नाही. मोठी डिश लावा, वर्तुळाकार पोलरायझेशनचा एलएनबी (छत्रीच्या तोंडाशी सिग्नल पकडणारा भाग) मागवा, तरी कार्ड आणि जपानमधल्या पत्त्यावरचा करार लागतोच. हे जमवून देतो म्हणणाऱ्याला आगाऊ रक्कम देऊ नका. २०१७ साली अ‍ॅनिमॅक्स इंडिया हे इथलं अ‍ॅनिमे चॅनेल बंद झालं, ही हळहळ रास्त आहे, पण छत्री फिरवून ती भागत नाही.

इथे राहणाऱ्याला एटी-एक्सचा खरा उपयोग त्याच्या वेळापत्रकाचा. कुठली मालिका कधी सुरू होते हे तिथे बघायचं आणि क्रंचीरोल या अ‍ॅनिमेच्या अ‍ॅपवर किंवा यूट्यूबवर म्यूझ इंडिया या चॅनेलकडे ती आली का ते तपासायचं. जपान आपल्या साडेतीन तास पुढे, त्यामुळे तिथला साडेनऊचा भाग आपल्याकडे संध्याकाळी सहाला. जपानी वेळापत्रकात ‘शुक्रवार २५:३०’ असं छापलेलं असतं. ते तिथल्या शनिवारचे पहाटे दीड, म्हणजे नाशकात शुक्रवारचेच रात्री दहा. सरळ २५:३० मधून साडेतीन तास वजा करा, वार तोच ठेवा.