नानांच्या पेनड्राइव्हसाठी: बँडकॅम्पवर वर्षभर गाणी विकत घेतल्यावर

आमचं घर ग्वाल्हेरला, लश्कर नावाच्या भागात. जुना वाडा आहे, भिंती दगडी आणि दीड हात जाड. मधल्या खोलीत नाना, म्हणजे माझे सासरे, राहतात. वय ८६. त्या खोलीत मोबाईलला रेंज येत नाही आणि राउटर ओसरीवर असल्यामुळे वायफाय दारापर्यंत येऊन थांबतं. पण मे-जूनमध्ये ग्वाल्हेरचा पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा घरातली तीच एक खोली थंड असते, त्यामुळे नाना ती सोडत नाहीत. आणि दुपारी गाणं ऐकल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. तरुणपणी त्यांनी ग्वाल्हेर घराण्याचे मोठे गवई कृष्णराव शंकर पंडित यांना समोर बसून ऐकलं आहे. अशा माणसाला गाणं अडखळत, थांबत, 'बफर' होत ऐकवणं मला पटत नाही.

मागच्या मार्चपर्यंत आमच्याकडे एका स्ट्रीमिंग अ‍ॅपचं वर्षाचं सदस्यत्व होतं. गाणी त्यातच 'डाउनलोड' करून ठेवायची आणि दुपारी माझा फोन नानांच्या उशाशी. मार्चमध्ये बँकेने कार्ड बदलून दिलं, नवीन नंबर त्या अ‍ॅपमध्ये भरायचा राहिला आणि सदस्यत्व संपलं. दुसऱ्या दिवशी बघते तर १४० च्या वर ध्वनिमुद्रणं राखाडी झालेली. फोनमधली जागा होती तेवढीच अडलेली, पण वाजेना एकही. पैसे भरून पुन्हा सुरू केलं, तर त्यातली नऊ यादीतूनच गेली होती. कस्टमर केअरचं उत्तर आलं की त्या लेबलशी असलेला करार आता नाही. नाना विचारत होते, "अगं, काल तर लागत होतं ना?" आणि मला त्यांना सांगता येईना की फाइल फोनमध्येच आहे, फक्त तिची किल्ली आपल्याकडे नाही.

खरं तेवढंच आहे. अशा अ‍ॅपमधली फाइल कुलूपबंद असते. ती दुसऱ्या प्लेअरमध्ये उघडत नाही, पेनड्राइव्हवर घेतली तर वाजत नाही, आणि पैसे भरले नाहीत की घरच्या फोनमध्येही मुकी होते. वर्षाचे पैसे भरून आपण घेतो ते फक्त ऐकण्याचं भाडं. मी आठ वर्षं ते भरलं आणि हातात काही राहिलं नाही, याचा मला मनापासून राग आला. म्हणून ठरवलं की यापुढे गाणं विकत घ्यायचं, आणि कुलूप नसलेलंच घ्यायचं.

भाच्याने बँडकॅम्प सुचवलं. २००८ साली सुरू झालेलं हे इंटरनेटवरचं गाण्यांचं दुकान. यात कलाकार किंवा छोटी लेबलं स्वतः आपलं संगीत ठेवतात, किंमत तेच ठरवतात. बहुतेक अल्बम घेण्याआधी पूर्ण ऐकता येतात, फक्त नमुन्यापुरते तीस सेकंद नाहीत. शास्त्रीय संगीत घेणाऱ्याला हे फार महत्त्वाचं आहे. विलंबितात, म्हणजे संथ लयीत, गवई पहिल्या मिनिटाला काय करतो त्यावरून विसाव्या मिनिटाला काय करणार ते कळत नाही.

पहिली खरेदी रुद्रवीणेच्या एका अल्बमची, सात डॉलर. तिथे अडलं ते माझ्या कार्डापाशी. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्ड फक्त देशातल्या व्यवहारापुरतं चालू असतं, परदेशी व्यवहार आपण स्वतः सुरू करावा लागतो. बँकेच्या अ‍ॅपमध्ये ते बटण आहे, मला सापडायला अर्धा तास लागला. मी त्यावर मर्यादा दोन हजारांचीच ठेवली आहे आणि खरेदी झाली की परत बंद करते. डॉलरच्या भावावर बँक थोडा आकार लावते, तोही धरून चाला.

पैसे गेले आणि मिनिटभरात ईमेल आला. त्यातली लिंक उघडली की विचारतात, कोणत्या स्वरूपात पाहिजे? एमपी३ ३२०, फ्लॅक, वेव्ह, आणखी काही. एकदा पैसे दिले की यातलं कोणतंही घ्या, नंतर आपल्या खात्यातून दुसऱ्या स्वरूपात पुन्हा उतरवा. वेगळे पैसे नाहीत. मी दोन घेते. फ्लॅक घरच्या संगणकासाठी, कारण त्यात आवाजातलं काही कापलेलं नसतं. एमपी३ नानांसाठी. तासाभराचं गाणं एमपी३ ३२० मध्ये साधारण १४४ एमबी होतं. सीडीच्या दर्जाची वेव्ह फाइल त्याच तासाला ६३५ च्या आसपास जाते आणि फ्लॅक साधारण तिच्या निम्म्यावर येते. तंबोऱ्याची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, विझताना फ्लॅकमध्ये जे ऐकू येतं, ते मला हेडफोनवर कळतं. नानांसाठी बाड्यावरून, म्हणजे इथल्या बाजारातून, आणलेल्या छोट्या स्पीकरवर त्याने फरक पडत नाही, आणि तो स्पीकर फ्लॅक वाजवतही नाही.

या स्पीकरबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण घरात वयस्क माणूस असलेल्या पुष्कळांना उपयोगी पडेल. मागे पेनड्राइव्ह लावायला खाच आहे, पुढे तीन बटणं. ६४ जीबीचा पेनड्राइव्ह लावला तर त्याने ओळखलाच नाही. ३२ जीबीचा घेऊन फॅट३२ या जुन्या पद्धतीत फॉरमॅट केला तेव्हा वाजला. मग दुसऱ्या दिवशी नानांनी हाक मारली. चेहरा त्रासलेला. "आधी द्रुत, मग आलाप? हे कसलं वाजवणं?" शोधल्यावर कळलं की हा स्पीकर नावाप्रमाणे क्रम लावत नाही, पेनड्राइव्हवर ज्या क्रमाने फाइल टाकली त्याच क्रमाने वाजवतो. तेव्हापासून मी एकेक फाइल हाताने टाकते: आलाप, जोड, झाला, विलंबित, मध्यलय, द्रुत, म्हणजे संथाकडून जलदाकडे. सकाळचे राग एका पेनड्राइव्हवर, दुपारचे आणि संध्याकाळचे दुसऱ्यावर. एकावर लाल दोरा बांधला आहे, दुसऱ्यावर पिवळा. नानांना अक्षरं नीट दिसत नाहीत, दोरा बोटांना लागतो. कुलूपबंद गाण्याला मी असा दोरा बांधू शकले नसते.

दुसरा उपयोग माझ्या शिकवणीत झाला, आणि माझ्यासाठी तो नानांच्या इतकाच मोलाचा आहे. माझ्याकडे सात मुली गाणं शिकायला येतात. त्यातली मोठी टप्पा शिकते आहे. टप्पा हा वेगवान तानांचा गायनप्रकार आमच्या ग्वाल्हेर गायकीचा दागिना आहे, पण शिकवायला कठीण. ख्यालात तान यायची वेळ येते, टप्प्यात ती पहिल्या शब्दापासून येते, तीही सरळ नाही, जमजमा (जोडस्वरांची भराभर गुंफण) घेत, वळत, मधेच तुटून दुसरीकडे निघणारी. मी गाऊन दाखवते, पण मोठ्या गायिकेच्या गळ्यातून ती कशी निघते हे ऐकायला हवंच. वेगात ऐकलं की मुलीच्या कानाला फक्त एक लकेर लागते, आतले स्वर सुटे ऐकू येत नाहीत.

बँडकॅम्पवर एक टप्प्याचं ध्वनिमुद्रण घेतलं, दीड डॉलरला एकच गाणं. ते ऑडॅसिटी नावाच्या फुकटच्या प्रोग्राममध्ये उघडलं. त्यात लय कमी करता येते, स्वर तोच राहतो. अंतऱ्यातली अकरा सेकंदांची एक जागा निवडली, लय साठ टक्क्यांवर आणली आणि तेवढीच जागा फिरती ठेवली. मुलगी आधी नुसती ऐकत बसली. पाचव्या-सहाव्या वेळेला म्हणाली, "ताई, ती गंधारावर दोनदा येते! मी एकदाच घेत होते." ती जागा ती महिनाभर चुकवत होती आणि मी सांगत असूनही तिला ऐकू येत नव्हती. मग साठचे सत्तर, सत्तरचे ऐंशी. मूळ गायिका काळी पाचमध्ये, म्हणजे हार्मोनियमच्या पाचव्या काळ्या पट्टीला सा धरून, गाते, मुलीचा स्वर काळी चार, म्हणून ते ध्वनिमुद्रणही दोन पट्ट्या खाली उतरवलं. हे सगळं फाइल उघडी होती म्हणून झालं.

दुकानाबद्दल पैसे देण्याआधी मी जे वाचलं तेही सांगायला हवं. २०२२ मध्ये बँडकॅम्प एपिक गेम्स या व्हिडिओ गेमच्या कंपनीने घेतलं, २०२३ मध्ये ते सॉन्गट्रेडर या संगीताचे परवाने विकणाऱ्या कंपनीकडे गेलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जवळजवळ निम्मे कर्मचारी कमी केले गेले. मालक दोनदा बदललेल्या दुकानावर विश्वास ठेवावा का, असं कोणीही विचारेल. माझं उत्तर २०१२ च्या खरेदीत आहे. तेव्हा फ्लिपकार्टने फ्लाइट नावाचं एमपी३चं दुकान काढलं होतं. कुलूप नसलेली गाणी, सरळ आपल्या संगणकात. जून २०१३ मध्ये ते बंद झालं. त्यातून घेतलेली माझी २६ गाणी तेव्हापासून तीन संगणक बदलून आजही वाजतात. त्यातली चार तर नानांच्या पिवळ्या दोऱ्यावर आहेत.

कुलूप हा काही निसर्गनियम नाही, एके काळी तो सगळीकडे होता आणि लोकांनी नको म्हटलं म्हणून गेला. आयट्यून्स हे अ‍ॅपलचं गाण्यांचं दुकान २००३ मध्ये उघडलं तेव्हा विकलेली गाणी कुलूपबंद होती, ठरावीक संगणकांवरच चालायची. २००७ मध्ये ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने आपली गाणी तिथे कुलपाशिवाय विकायला दिली, आणि जानेवारी २००९ मध्ये अ‍ॅपलने सगळ्याच गाण्यांचं कुलूप काढत असल्याचं जाहीर केलं. मग भाड्याची पद्धत आली आणि तिच्याबरोबर कुलूप परत आलं. फक्त या वेळी कोणाच्या लक्षात आलं नाही.

पैशाचं म्हणाल तर बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के घेतं, पैसे चुकते करण्याचा खर्च वेगळा, बाकी कलाकाराला किंवा त्याच्या लेबलला. काही अल्बमना किंमत आपण ठरवायची असते, कमीत कमी इतके द्या, वर तुमची इच्छा. रुद्रवीणेचा तो अल्बम मी नंतर माझ्या भावाला भेट म्हणून पुन्हा घेतला, तेव्हा सातच्या जागी दहा दिले. तासभर वाजवायला ज्याने तीस वर्षं घासली असतील, त्याला तीन डॉलर जास्त देताना हात आखडावासा वाटला नाही.

हिंदी सिनेमाची गाणी मात्र इथे शोधू नका, मोठ्या कंपन्यांचा तो खजिना इथे नाही. मराठी नाट्यसंगीतही थोडंच आहे. शोधताना एक त्रास होतो तो रोमन लिपीचा. प्रत्येक जण रागाचं नाव आपापल्या पद्धतीने लिहितो. मारवा मी चार स्पेलिंगांनी शोधला, चारही वेळा वेगळी माणसं सापडली. तुम्हीही तसंच करा, चांगलं गाणं तिसऱ्या स्पेलिंगमागे बसलेलं असू शकतं. आणि नानांना हव्या असतात त्या जुन्या तीन मिनिटांच्या तबकड्या विकत घ्यायची गरजही नसते. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं चालतो, त्यामुळे १९६० च्या आधीच्या तबकड्या त्यातून मोकळ्या झाल्या आहेत, आणि इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ऑनलाइन संग्रहावर जगभरच्या लोकांनी जुन्या तबकड्यांचा मोठा साठा चढवला आहे. तीन मिनिटांत अख्खा राग मांडलेला ऐकला की नाना पुन्हा लावायला सांगतात, पुन्हा म्हणजे चार-पाच वेळा.

टप्प्याच्या या फाइलची गोष्ट मुलींच्या घरी कळल्यावर एका आईने फोन केला. "ताई, आमच्या ग्रुपवर टाका ना, सगळ्यांनाच मिळेल." मी नाही म्हटलं. कुलूप नाही म्हणजे मालक नाही असं होत नाही. ती गायिका आज गाते आहे, आज शिकवते आहे, आणि त्या दीड डॉलरवर तिचा हक्क आहे. मी ग्रुपवर लिंक टाकली आणि कार्डावर परदेशी व्यवहार कसा सुरू करायचा ते लिहून दिलं. सातांपैकी तीन घरांनी गाणं विकत घेतलं. एका वडिलांनी तर लेकीच्या वाढदिवसाला अख्खा अल्बम दिला. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

ज्यांना रोज नवीन पन्नास गाणी कानावरून जायला हवीत, त्यांनी अ‍ॅप चालू ठेवावं, त्यांचं त्यात भागेल. मी वर्षभरात १९ अल्बम आणि ११ सुटी गाणी घेतली, साधारण साडेबारा हजार रुपये झाले. अ‍ॅपपेक्षा हे कितीतरी महाग आहे. पण प्रत्येक अल्बम मी आठ-दहा वेळा तरी ऐकला आहे, आणि एक प्रत संगणकात, एक हार्ड डिस्कवर, एक नानांच्या दोऱ्यात आहे.

आता माझी खरेदी मी बँडकॅम्प फ्रायडेला करते. मार्च २०२० मध्ये, कोविडच्या काळात, त्यांनी ही प्रथा सुरू केली. वर्षातल्या काही ठरलेल्या शुक्रवारी कंपनी आपला वाटा सोडते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मध्यरात्रीपासून तो दिवस धरतात, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात शुक्रवारी दुपारी साडेबारानंतर. तोपर्यंत यादी फ्रिजवर चिकटवलेली असते. काल नानांनी हात धरून मला खाली बसवलं आणि यादीत तीन रागांची नावं भरायला लावली: श्री, जयजयवंती, आणि "जमल्यास कोणाचा तरी नीट गायलेला भूप. अर्ध्या तासाच्या वरचा पाहिजे."