एकवीस दिवसांची हमी आणि माझीच वही

माझ्या मुलाच्या तापाच्या नावाखाली एका भोंदू उपचारकाने माझ्याकडून एकूण 73,800 रुपये उकळले. पहिल्या सल्ल्याचे 1,500, केसांच्या तपासणीचे 11,800, तीन महिन्यांच्या ‘मूळशोधन’ कोर्सचे 38,500 आणि प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या थेंबांचे 22,000. आकडे मुद्दाम सुटे करून लिहिते आहे, कारण कोणी एकदम 73,800 मागितले असते तर मी फोन ठेवून दिला असता, आणि हे या लोकांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

मुलगा तेव्हा साडेतीन वर्षांचा होता. अचानक 103-104 ताप चढायचा, घसा लाल व्हायचा, तोंडात छाले यायचे, मानेत गाठी लागायच्या, आणि चार-पाच दिवसांनी सगळे असे नाहीसे व्हायचे की काल हेच मूल निपचित पडले होते यावर पाहुण्यांचा विश्वास बसत नसे. महिनाभराने पुन्हा तेच. तीन वेळा अँटिबायोटिक झाले. कोणी व्हायरल म्हटले, कोणी टॉन्सिल. दर वेळी समोर नवा डॉक्टर असल्यामुळे प्रत्येकाने एकच ताप पाहिला. तापांची रांग पाहिली ती फक्त मी, आणि ती मी एका वहीत तारीखवार लिहून ठेवत होते.

अशा अवस्थेत तो उपचारक माणूस भेटला. त्याने चाळीस मिनिटे माझे ऐकून घेतले. ज्यांना हे वाचून हसू येत असेल त्यांनी रात्री तीन वाजता तापाने थरथरणारे मूल मांडीवर घेऊन बसावे आणि मग हसावे. मी शिकलेली आहे, केसांवरून ताप कळत नाही हे एरवी मला कोणी सांगावे लागले नसते. पण चार महिन्यांत माझे पूर्ण बोलणे ऐकणारा तो पहिला माणूस होता.

आणि इथेच तो क्षण आहे, जो आठवला की अजूनही कानशिले तापतात. त्याने विचारले, “ताई, दोन तापांमध्ये साधारण किती दिवस जातात?” मी वही उघडून वाचून दाखवले: 28, 27, 30, 28. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “21 दिवसांत फरक पडला नाही तर पैसे परत.” मी तो 21चा आकडा त्याच पानावर, 28च्या बरोबर खाली, माझ्या हाताने लिहिला. कोर्स त्याने ताप उतरलेल्या दिवशी सुरू करायला लावला. म्हणजे जे 21 दिवस मूल कोणत्याही औषधाशिवाय ठणठणीत राहणारच होते, ते त्याने मला 38,500 रुपयांना विकले, आणि तेही माझ्याच वहीतून वाचून. मला दिसायला हवे होते. दिसले नाही.

बाविसाव्या दिवशी मी थेंबांचे 22,000 भरले आणि रडत रडत आभाराचा आवाजी संदेश पाठवला. सव्विसाव्या दिवशी ताप आला. तेव्हा तो म्हणाला, “हा शुभ ताप आहे, शरीरातली विषद्रव्ये बाहेर पडताहेत.” पैसे परत मागितले तर माझाच संदेश मला ऐकवला: फरक पडल्याची साक्ष तुम्हीच दिली आहे. कृपा करून कोणालाही, कितीही आनंद झाला तरी, असा संदेश पाठवू नका.

तपासणीच्या अहवालावर नमुन्यापुढे ‘रक्त’ असे छापले होते. आम्ही पाठवले होते केस. टायपिंगची चूक, असे उत्तर मिळाले आणि मी ते मानले. त्या अहवालानुसार दूध, गहू, अंडी धरून 23 पदार्थ बंद झाले. नंतर कळले की अशा अहवालात मिरवल्या जाणाऱ्या आयजीजी प्रतिपिंडांवरून (रक्तातल्या एका प्रकारच्या संरक्षक प्रथिनांवरून) फार तर मूल तो पदार्थ खाते एवढेच समजते, आणि केसांवरून तर अॅलर्जी कळतच नाही. अडीच महिन्यांत मुलाचे वजन 14.2 किलोवरून 13.3 किलोवर आले. पैशांचे दुःख एक वेळ मागे पडेल, हे पडणार नाही.

शेवटी ज्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो त्यांनी आधी वही मागितली. या आजाराला, म्हणजे ठरावीक अंतराने ताप, तोंडात छाले, घसादुखी आणि मानेत गाठी येण्याला, पीएफएपीए म्हणतात आणि त्याचे वर्णन 1987 सालीच झालेले आहे. तो ओळखणारी एकच अशी तपासणी नाही; तापांचा क्रम, लक्षणे आणि इतर आजार वगळणे यांवरूनच निदान होते. सायक्लिक न्यूट्रोपेनिया (ठरावीक काळाने एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी घटण्याचा आजार) वगळण्यासाठी पांढऱ्या पेशी काही आठवडे पुन्हा पुन्हा मोजाव्या लागल्या, कारण त्यात त्या साधारण दर 21 दिवसांनी घसरतात. पीएफएपीएमध्ये दोन तापांच्या मधे मूल धडधाकट असते आणि त्याची वाढ नीट होते; आमच्या मुलाचे वजन मात्र घटलेले, त्यामुळे आणखी गंभीर शंका घेऊन जास्तीच्या सुया टोचाव्या लागल्या. त्या सुयाही मी त्याच माणसाच्या खात्यावर मांडते. पुढच्या तापाच्या सुरुवातीला डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्टेरॉइडचा एक डोस दिला आणि काही तासांत ताप उतरला. त्यामुळे पुढचा ताप लवकर येऊ शकतो, हेही त्यांनी आधीच सांगितले. हमी दिली नाही. (हा डोस स्वतःच्या मनाने कोणी देऊ नये.)

आता तक्रारीचे. पोलिसांनी सांगितले, पैसे तुम्ही राजीखुशीने दिलेत. सायबर विभाग म्हणाला, ओटीपी चोरीला गेलेला नाही, म्हणून हे आमच्याकडे येत नाही. बँकेने व्यवहार मी स्वतः मंजूर केल्याचा कागद माझ्याच हाती दिला. डॉक्टरांची नोंदणी पाहणाऱ्या परिषदेचे उत्तर तर जपून ठेवण्यासारखे आहे: सदर इसम नोंदणीकृत डॉक्टर नसल्याने त्याच्यावर कारवाई करता येत नाही. म्हणजे पदवी असती तर तो अडकला असता, पदवी नाही म्हणून मोकळा! औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयाने बाटलीवर उत्पादकाचे नाव नसल्याने नोटीस कोणाला पाठवावी, असा प्रश्न मलाच विचारला. बाटलीवर नाव नाही हीच माझी तक्रार होती, हे तिथल्या साहेबांना दोनदा समजावूनही समजले नाही. पैसे संस्थेच्या नव्हे तर एका व्यक्तीच्या खात्यात मागितले, तेव्हाच थांबायला हवे होते, असा उपदेश मात्र पाचही ठिकाणी मोफत मिळाला. थांबायला हवेच होते. पावती, अहवाल, बाटली, पाकीट, यांतले काहीही फेकू नका, आणि चौकशीला जाताना प्रत्येक अर्जाची पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.

ग्राहक आयोगाकडे केलेल्या माझ्या अर्जापुढे गेले पाच महिने ‘कार्यवाही सुरू’ असे दिसते आहे. त्या माणसाची जाहिरात परवा पुन्हा माझ्यासमोर आली. तिच्यात एका आईचा रडवेला आवाज आहे, तो माझा आहे, आणि हमी आता 15 दिवसांची झाली आहे.