टर्बो डिझेलमध्ये ५डब्ल्यू-४० सी३ : दिवाळी ते मे, सोलापूरच्या रस्त्यांवर

गाडी बीएस-६, टर्बो डिझेल, डीपीएफवाली, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेली. पुस्तिकेत इंजिन ऑइलचे ५डब्ल्यू-३० आणि ५डब्ल्यू-४० असे दोन्ही ग्रेड दिलेत, पण दोन्हींना एसीईए सी३ची अट आहे, म्हणजे डीपीएफ गाड्यांसाठीच्या युरोपीय ऑइल दर्जाची. दिवाळीत ५डब्ल्यू-४० फुल सिंथेटिक भरलं. उसाचा हंगाम आणि मेचं ऊन त्यावरच काढलं.

इथे ऑइलचा विषय निघाला की सल्ला ठरलेला: "आपल्याकडचं ऊन बघा, २०डब्ल्यू-५० टाका." ऐकू नका. बाहेर ४३ अंश असो की २५, थर्मोस्टॅट कूलंट नव्वदच्या आसपास धरतो. डब्यावरचा दुसरा आकडा ऑइल १०० अंशांना किती जाड राहतं यावरून ठरतो, म्हणजे गरम इंजिनाचा हिशेब त्यात आधीच धरलाय. जास्त जाड ऑइल नडतं ते सकाळच्या पहिल्या स्टार्टला: टर्बोच्या बेअरिंगपर्यंत उशिरा पोचतं, आणि तो शाफ्ट मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेणारा. ५डब्ल्यू की १५डब्ल्यू हा वाद मात्र ताणण्यात अर्थ नाही. हा पहिला आकडा थंडीतल्या जाडीचा, आणि त्याची चाचणी शून्याच्या बरीच खाली होते, आपल्याकडे तसली थंडी कुठली!

खरी निवड डब्यामागच्या बारीक अक्षरांत असते. ५डब्ल्यू-३० लिहिलेला एक डबा पेट्रोल गाडीचा असू शकतो, दुसरा सी३. सी३मध्ये सल्फेटेड अ‍ॅश, म्हणजे ऑइल जळल्यावर उरणारी राख, ०.८ टक्क्याच्या आत लागते आणि एचटीएचएस, म्हणजे १५० अंशांवर बेअरिंगच्या रगड्यात उरणारी जाडी, किमान ३.५ मिलिपास्कल-सेकंद. डीपीएफमधली काजळी रिजनरेशनमध्ये, म्हणजे फिल्टर तापून साफ होताना, जळून जाते, ऑइलची राख जळत नाही. ती साठतच जाते. म्हणून ट्रकवाल्यांचं जास्त राखेचं सीआय-४ प्लस दर्जाचं १५डब्ल्यू-४० यात नको. डीपीएफ नसलेल्या जुन्या गाडीच्या पुस्तिकेत तेच असेल तर खुशाल तेच भरा, सी३वर जादा पैसे घालू नका.

आता वापराचं. ऑइल थोड्याच दिवसांत काळं झालं. डिझेलमध्ये होतंच, त्यावरून बदलायला धावू नये. टॉप-अप लागलं नाही. मायलेजमध्ये जाणवण्यासारखा फरक नाही.

लक्ष ठेवावं लागलं ते डिपस्टिकवर, आणि तेही पातळी वाढतेय का म्हणून. सात रस्ता, नवी पेठ, विजापूर वेस अशी नुसती गावातली चक्कर असली की रिजनरेशन अर्धवट तुटतं. त्यासाठी सोडलेलं जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं. पुणे हायवेने मोहोळपर्यंत एका लयीत, २००० आरपीएमच्या आसपास गाडी नेली की रिजनरेशन पुरं होतं. पातळी मॅक्सच्या वर गेली आणि काडीला डिझेलचा वास येत असेल तर ऑइल बदलाच. सपाट जागी, गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी बघायचं, नाहीतर आकडा फसवा येतो.

बदलताना ड्रेन प्लगचा वॉशर नवा घ्या. फिल्टरच्या रबरी रिंगला ताजं ऑइल लावा. सांगितलेल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी ओता, स्टार्ट करा, प्रेशरचा दिवा विझल्यावरही मिनिटभर अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावू नका. नवा फिल्टर आणि टर्बोची नळी तेवढ्यात भरते. मग पातळी बघून उरलेलं घाला. लांबच्या, ताणलेल्या प्रवासानंतर बंद करण्याआधीही मिनिटभर आयडलवर ठेवा. नाहीतर तापलेल्या टर्बोत अडकलेलं ऑइल करपून नळीत कडक थर धरतं.

उसाच्या ट्रॉल्यांमागची धूळ ऑइलच्या ग्रेडने थांबत नाही. एअर फिल्टरचा डबा नीट बसला नसेल तर ती टर्बोची पाती झिजवते आणि ऑइलमध्ये उतरून बेअरिंगही खाते. अशा वापरासाठी पुस्तिकेत ऑइल बदलाचा, कमी किलोमीटरचा वेगळा तक्ता असतो. तोच धरा, डब्यावरचा मोठा आकडा नाही.

एक अडचण राहतेच: तालुक्याच्या गावात सी३ सहजी मिळत नाही. सीलबंद एक लिटर डिकीत ठेवा. तेही नसेल आणि पातळी मिनच्या खाली असेल, तर मिळेल ते डिझेल इंजिनाचं ऑइल अर्धा लिटर घाला आणि घरी आल्यावर लवकर बदला. कोरड्या टर्बोपेक्षा थोडी जास्त राख परवडते.